सर्जन व्हायला किती पेपर लागतात?

मागच्या मार्चमधली गोष्ट. माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले, छाती धडधडते म्हणून. वय ६१. बीपी मोजलं तर १६४/१००. एरवी रोजच्या गोळीवर ते १३० च्या आसपास असतं. ईसीजी काढला, नॉर्मल. साखर ठीक. "काका, झोप लागते का?" विचारलं, तर उत्तर काकूंनी दिलं. "चार रात्री झाल्या डॉक्टर, डोळ्याला डोळा नाही. पोरगी नापास झाली ना."

पोरगी मला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या गोवराच्या लशीची नोंद माझ्या अक्षरात आहे. एमबीबीएस इथलंच, मग अमेरिकेच्या परीक्षा दिल्या, चांगल्या मार्कांनी पास झाली. त्यानंतर दीड वर्ष तिकडच्या एका विद्यापीठात बिनपगारी संशोधन. राहण्याखाण्याचे पैसे काका इथून पाठवत होते. तिला जनरल सर्जन व्हायचंय. सोमवारी संध्याकाळी मेल आला की तिची कुठेच मॅच झालेली नाही.

(दोघांच्याही परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकांची गोळी मी वाढवली नाही. चार रात्री न झोपलेल्या माणसाच्या एका मापावर डोस ठरवायचा नसतो. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगितलं. पण काकूंचा तो "नापास" शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण ती नापास झालेली नाही, आणि आता तिला जो सल्ला चहूबाजूंनी मिळतोय तो माझ्या मते चुकीचा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, भाचे, पुतण्या या वाटेवर आहेत. इथून पैसे तुम्हीच पाठवता. म्हणून हा लेख.

मॅच म्हणजे काय?

अमेरिकेत डॉक्टर झालं की लगेच प्रॅक्टिस करता येत नाही. आधी रेसिडेन्सी करावी लागते, म्हणजे रुग्णालयात राहून एखाद्या शाखेचं प्रशिक्षण. जनरल सर्जरीला ५ वर्षं, हाडांच्या शस्त्रक्रियेला ५, मेंदूच्या शस्त्रक्रियेला ७. या जागा १९५२ पासून एका मध्यवर्ती पद्धतीने वाटल्या जातात, तिला मॅच म्हणतात. उमेदवार सप्टेंबरमध्ये अर्ज करतो, हिवाळ्यात मुलाखती देतो, मग आपल्या पसंतीची क्रमवार यादी देतो. रुग्णालयंही आपली यादी देतात. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. स्थळं जुळवण्यासारखंच आहे हे, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. या गणिताचा मूळ सिद्धांत १९६२ साली लग्नं जुळवण्याचंच उदाहरण घेऊन मांडला गेला होता. त्याच कामासाठी लॉइड शॅपली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कुठे जागा मिळाली ते कळतं. पण त्या आठवड्याच्या सोमवारीच मेल येतो, मॅच झाली की नाही एवढाच. नाही झाली तर पुढचे तीन-चार दिवस उरलेल्या जागांसाठी धावपळ. त्या उरलेल्या जागांत ऑर्थो, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी जवळजवळ नसतेच. जनरल सर्जरीच्या पूर्ण पाच वर्षांच्या जागाही अगदी मोजक्या.

गणितात खोट नाही. ते उलट उमेदवाराच्या बाजूने झुकलेलं आहे. आपली खरी पसंती लिहावी, डावपेच करून काही फायदा होत नाही. अडचण आहे ती गणितात शिरण्याच्या आधी आणि बाहेर पडल्यानंतर.

मग नापास कोण झालं?

२०२४ च्या मॅचमध्ये ५० हजारांहून जास्त उमेदवारांनी नाव नोंदवलं होतं. जागा होत्या साधारण साडेएकेचाळीस हजार. म्हणजे सगळेच्या सगळे हुशार असते तरी हजारो जण बाहेर राहणारच होते. अमेरिकेतल्या एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या १०० पैकी सुमारे ९३ जणांना जागा मिळते. आपल्याकडून गेलेल्या, म्हणजे परदेशी पदवी आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या १०० पैकी सुमारे ५८ जणांना. तेही सगळ्या शाखा धरून. सर्जरीत ते दार आणखी अरुंद होतं. जनरल सर्जरीच्या पूर्ण पाच वर्षांच्या जागा देशभरात सुमारे १,७००, न्यूरोसर्जरीच्या जेमतेम २४०.

जागा एवढ्याच का? रेसिडेंटच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च तिकडे मेडिकेअर उचलतं, म्हणजे वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना. १९९७ च्या कायद्याने या पैशाला रुग्णालयागणिक मर्यादा घातली, आणि ती १९९६ च्या रेसिडेंटसंख्येवर बेतली. त्यानंतर २०२० च्या शेवटी १,००० जागांची भर घालायचं ठरलं, तीही वर्षाला जास्तीत जास्त २०० अशी चमच्याचमच्याने. काही रुग्णालयं स्वतःच्या खिशातून जागा वाढवतात, पण मूळ गाठ तीच आहे. आणि त्याच देशाच्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना सांगते की २०३६ पर्यंत ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडतील, त्यात सर्जनही आहेत. एकीकडे डॉक्टर नाहीत म्हणून ओरड, दुसरीकडे परीक्षा पास झालेले डॉक्टर दारात उभे. याला विद्यार्थ्याचं अपयश म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पुन्हा अर्ज करताना बदलता काय येतं?

इथे खरी मेख आहे, आणि इथल्या पालकांना ती माहीत नसते, कारण आपण नीट-पीजीच्या अनुभवावरून विचार करतो. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घ्यायचा, पुन्हा २०० प्रश्न सोडवायचे, रँक सुधारायची. वाईट असेल, पण सरळ हिशोब आहे. अमेरिकेच्या परीक्षेत तसं नाही. एकदा पास झालेली पायरी मार्क वाढवायला पुन्हा देता येत नाही. शिवाय पहिल्या पायरीचे मार्क जानेवारी २०२२ पासून जाहीरच होत नाहीत, फक्त पास किंवा नापास.

मार्क गेले. मग प्रत्यक्ष काम दाखवावं? अमेरिकेतले विद्यार्थी शेवटच्या वर्षात दुसऱ्या रुग्णालयात जाऊन महिनाभर सर्जरीच्या युनिटमध्ये राबतात. तिथल्या सर्जनना मुलगा पहाटे किती वाजता येतो, पेशंटशी कसा बोलतो, चूक झाली की लपवतो की सांगतो, हे दिसतं. माझ्या मते निवडीचा सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. पण ही सोय विद्यार्थ्यांसाठी असते. पदवी हातात पडली की ते दार बहुतेक ठिकाणी बंद होतं. काही अमेरिकन मुलं मॅच न झाल्यावर मुद्दाम पदवी एक वर्ष लांबवतात, केवळ विद्यार्थी राहण्यासाठी. आधीच सरासरी दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज आणि वर आणखी एका वर्षाची भर. आपल्याकडून गेलेल्यांना तोही मार्ग नाही.

मार्क नाहीत, काम दाखवायची संधी नाही. उरलं काय? पेपर. म्हणजे संशोधन निबंध, परिषदेतली पोस्टर्स, सारांश. म्हणून प्रत्येक सल्लागार एकच मंत्र म्हणतो: एक रिसर्च इयर कर. नाही झालं? अजून एक कर.

पेपर किती हवेत? मॅच चालवणाऱ्या संस्थेच्याच २०२२ च्या अहवालात न्यूरोसर्जरीत जागा मिळालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सरासरी २५ च्या पुढे होती. प्लास्टिक सर्जरीची त्याहून जास्त. यात पोस्टर, भाषण, सारांश सगळं मोजतात हे खरं. तरीही विचार करा. माझ्या माहितीतले उत्तम संशोधक दोन-तीन वर्षं घासून एक धड पेपर लिहितात. पंचविशीतल्या मुलाने अभ्यास, वॉर्ड, परीक्षा सांभाळून पंचवीस लिहिले तर त्यातले किती रुग्णाच्या उपयोगाचे असतील? जुन्या केसपेपरांतले आकडे काढायचे, एकाच माहितीचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापायचे, आठ मित्रांनी एकमेकांची नावं घालायची. अर्जात लिहिलेले काही पेपर शोधायला गेलं तर अस्तित्वातच नाहीत, असं दाखवणारे अभ्यास ऑर्थोसह अनेक शाखांत झालेले आहेत. मुलं मुळात खोटारडी नसतात हो. पण ज्याचं वजन होतं तेच पोत्यात भरलं जातं.

आणि या दीड-दोन वर्षांत त्या डॉक्टरच्या हाताला पेशंट लागत नाही. ना पोटावर हात ठेवून दुखणं ओळखायचं, ना जखम शिवायची, ना रात्री दोनला फोन उचलायचा. पुढच्या अर्जात पुन्हा एक रकाना असतोच, पदवीला किती वर्षं झाली? म्हणजे व्यवस्था आधी म्हणते थांब आणि कागद जमव, मग म्हणते तू फार दिवस थांबलास, हात गंजले असतील. अमेरिकन एमडी पदवीधरसुद्धा वर्षभराने परत येतात तेव्हा १०० पैकी निम्म्याच्या आसपासच जणांना जागा मिळते. तीच माणसं, तीच पदवी, एका वर्षात ९३ वरून निम्म्यावर.

"पण काहीतरी निकष हवाच ना?"

अमेरिकेतल्या एका सर्जन मित्राशी यावर फोनवर वाद झाला. त्याचं म्हणणं, एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. मार्क काढून घेतलेत, आता आम्ही बघायचं तरी काय? पेपर लिहिणारा निदान चिकाटीचा असतो. आणि शिकण्याआधीच हात चांगला आहे की नाही, कोण सांगणार?

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. संशोधन निरुपयोगी आहे असंही मी म्हणत नाही. दुर्बिणीने होणारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे की नाही, हे कुणीतरी मोजलं म्हणूनच आज आपण दुसऱ्या दिवशी घरी जातो. पण त्याच मोजण्याच्या शिस्तीने दुसरंही काही दाखवलंय. २०१३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात २० सर्जनचा अभ्यास झाला. प्रत्येकाने लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा आपला एक व्हिडिओ दिला. इतर सर्जननी नावं न कळता कौशल्याला गुण दिले. सगळ्यात कमी गुणांच्या गटातल्या सर्जनच्या १०० पेशंटपैकी साधारण १४-१५ जणांना गुंतागुंत झाली होती, सगळ्यात वरच्या गटाच्या १०० पैकी ५ जणांना. हे शिकून तयार झालेले सर्जन होते, नवशिके नव्हते, त्यामुळे तो अभ्यास जसाच्या तसा निवडीला लावता येणार नाही. पण टेबलावर झोपलेल्या माणसाला काय महत्त्वाचं आहे ते त्यातून स्वच्छ कळतं. मग निवडीत निदान त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी मोजा की. वॉर्डमधलं काम बघून दिलेलं प्रामाणिक पत्र मोजा. अर्जात पेपर तीनच लिहायची परवानगी द्या, पण मुलाखतीत त्यातला शब्द न् शब्द विचारा. आणि नाकारलेल्या उमेदवाराला दोन ओळी लिहा: कशात कमी पडलास, आमच्याकडे पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का. दोन ओळी! आज कुणावरही ते बंधन नाही. आम्ही बायोप्सीचा वाईट रिपोर्टसुद्धा पेशंटला समोर बसवून सांगतो, आणि इथे एका डॉक्टरचं आयुष्यातलं वर्ष घेऊन कारणही सांगत नाही.

मित्र म्हणाला, वेळ कुणाला आहे. असो.

दुसरी वाट, प्रिलिम

उरलेल्या जागांत सर्जरीच्या एका प्रकारच्या जागा मात्र दरवर्षी शेकड्यांनी रिकाम्या असतात. त्यांना प्रिलिमिनरी म्हणतात. एक वर्षाचं काम, पगार रेसिडेंटचाच, राबणंही तेच, आठवड्याला सरासरी ८० तासांच्या मर्यादेपर्यंत. फक्त दुसऱ्या वर्षाची हमी नाही. जूनअखेर वर्ष संपलं की पुन्हा रस्त्यावर, किंवा नशिबाने कुणी पूर्ण वेळची जागा सोडली असेल तर तिथे.

काही सल्लागार म्हणतात, प्रिलिम घेऊ नका, स्वस्तात राबवून घेतात. राबवून घेतात हे खरंच आहे. रात्रपाळ्या भरायला या जागांचा वापर करणारी रुग्णालयं आहेत, आणि मला त्याचा राग येतो. तरीही सर्जनच व्हायचं असेल तर मी बिनपगारी दुसऱ्या रिसर्च इयरपेक्षा चांगलं प्रिलिम वर्ष निवडीन. तिथे निदान हात चालतो, माणसं काम बघतात, पत्र लिहितात, आणि महिन्याला पगार येतो. "चांगलं" कसं ओळखायचं? गेल्या तीन-चार वर्षांतले प्रिलिम डॉक्टर पुढे कुठे गेले, ही नावनिशीवार यादी मागायची. जे युनिट ती अभिमानाने देतं तिथे जावं. जे गोलगोल उत्तर देतं तिथे रात्रपाळ्याच आहेत असं समजावं.

पैसे पाठवण्याआधी

पालकांनो, तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलतो. मुलगा म्हणाला आणखी एक वर्ष संशोधन, तर "कर बाळा" म्हणण्याआधी विचारा. मागच्या वेळी मुलाखती किती आल्या? आठ-दहा येऊन हुकलं असेल तर तो नशिबाचा आणि थोड्या सुधारणेचा प्रश्न आहे, पुन्हा जावं. एकही आली नसेल तर आणखी पाच पोस्टर्सनी ती येणार नाही, अर्जाचं मूळ दुखणं वेगळं आहे. ज्या सर्जनच्या हाताखाली काम करणार, तो फोन उचलून दुसऱ्या विभागप्रमुखाला "या मुलीला घ्या" असं सांगणाऱ्यांतला आहे का? आठवड्यातून एक दिवस तरी ओपीडीत, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहता येणार का? आणि पुढच्या मार्चला पुन्हा नाही झालं तर काय, हे आज कागदावर लिहिलंय का? फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, भूलशास्त्र किंवा परत येऊन इथे एमएस, यातलं काहीही हलकं नाही. मी स्वतः फॅमिली डॉक्टरच आहे, त्यामुळे "निदान फॅमिली तरी मिळेल" हे वाक्य ऐकलं की मला जरा लागतं, पण ते जाऊ द्या.

"शेजारच्यांच्या मुलाचं झालं, तुझं कसं नाही?" हे मात्र बोलू नका. ही मुलं शाळेपासून कधी हरलेली नसतात, त्यांना हरण्याची सवय नसते. मॅचचा आठवडा त्यांच्यासाठी धोक्याचा असतो. फोन उचलत नाही, जेवत नाही, "माझा काही उपयोग नाही" असं बोलते, आपल्या वस्तू वाटून टाकते, असं काही दिसलं तर थांबू नका. सरळ विचारा, "जीवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अमेरिकेत ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. इथे आईवडिलांनाच त्रास होत असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

काकांच्या लेकीशी मी त्याच रात्री व्हिडिओवर बोललो. तिच्यासमोर दोन पर्याय होते, त्याच प्रयोगशाळेत आणखी एक वर्ष किंवा धावपळीत मिळालेली एक प्रिलिम जागा. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सांगितलं होतं, आणखी सहा पेपर निघतील. मी तिला फक्त विचारलं, गेल्या दीड वर्षात किती पेशंटना हात लावलास? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, एकालाही नाही."

जुलैपासून ती प्रिलिम करतेय. या सप्टेंबरात पुन्हा अर्ज जाणार आहे. नुसती सर्जरी लिहायची की सोबत आणखी एखादी शाखा, हे अजून ठरत नाहीये. काका परवा वही घेऊन आले होते, बीपी १३६/८६, झोप लागतेय, गोळी तीच चालू ठेवली. उठता उठता विचारलं, "तुम्हाला काय वाटतं डॉक्टर, दोन्हीकडे भरायला सांगू का?" म्हटलं, तिलाच विचारा, पण तिची रात्रपाळी संपून झोप झाल्यावर.